दीड वीत

सराफ बाजार पहाटे पाचला झोपेत असतो.
जैतुनबी तेव्हाच येते, कुंचा घेऊन,
दुकानांच्या उंबऱ्यांखालची धूळ गोळा करते
आणि गोदावरीच्या पायरीवर बसून
घमेलं गोल गोल हलवत राहते.
माती वाहून जाते. जड असेल ते तळाला.

मी फिरायला निघालेला असतो.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं लेव्हल लावली,
झोप आता चारलाच मोडते.

एकदा तिला सामोस बेटाच्या पॉलिक्रेटीजची गोष्ट सांगितली.
गादीचा वारस नव्हे,
देवीच्या जत्रेत लोकांनी हत्यारं खाली ठेवली
तेवढ्यात गाव बळकावलेला माणूस.
दोन भाऊ सोबत होते. एकाला मारलं, एकाला हाकललं.
शंभर जहाजं. दिसेल त्याला लुटायचा, मित्रांनासुद्धा;
म्हणायचा, मुळीच न घेण्यापेक्षा
घेऊन परत दिलेलं मित्राला जास्त गोड लागतं.

"आमच्या भिशीवाल्यासारखा," जैतुनबी म्हणाली.

नशीब इतकं धार्जिणं की मिसरचा राजा धास्तावला.
कळवलं त्यानं: एवढं सुख बरं नाही, बाबा,
जे गेल्यावर जीव तुटेल असं काही टाकून दे.
यानं पाचूची अंगठी काढली,
भरसमुद्रात सगळ्यांदेखत फेकली,
घरी येऊन रडला.
पाच-सहा दिवसांनी एका कोळ्यानं भला मोठा मासा आणून नजर केला.
चिरला, तर पोटात अंगठी.

घमेलं थांबलं.
"चिरला कुणी?"
नोकरांनी.
"नावं?"
लिहिलेली नाहीत.
"आणि परत दिली?"
हसत हसत.
ती पाण्यात थुंकली. "येडे."

मग शेवट सांगितला.
पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सुभेदारानं आठ पेट्या दाखवल्या,
काठोकाठ दगड, वर सोन्याचा पातळ थर.
पाहायला गेलेला कारकून वरवर पाहून आला.
मुलगी आडवी पडली, वाईट स्वप्न पडलं होतं तिला;
हा गेलाच. खांबावर टांगला त्याला.
पाऊस अंग धूत राहिला, ऊन ते घामेजवत राहिलं.

"हात घालून तळ नाही बघितला?"
एवढंच विचारलं तिनं,
आणि नखावर आलेला पिवळा कण कागदात बांधला.

तिला बोगद्याचं सांगितलं नाही.

त्याच्या काळातच, म्हणतात, डोंगराच्या दोन्ही अंगांनी
खणत आलेला, हजार मीटरहून लांब,
होकायंत्राशिवाय.
मधोमध एक वाकण आहे.
पलीकडच्या टोळीचे घाव कानावर पडले असतील,
तिकडे वळले असतील अंधारात.
त्यातून पाणी हजारेक वर्षं गावात येत राहिलं.
जहाजं कुजली, अंगठीचं काय झालं कोण जाणे,
आखणाऱ्याचं नाव टिकलं,
छिन्नीवाल्यांचं नाही.

इगतपुरीकडे आमचाही एक बोगदा होता.
आम्हीही दोन्हीकडून खणला.
मधल्या भिंतीला भोक पडलं तेव्हा
पलीकडून कंदील आला, मग सोमा भांगरेचं तोंड,
धुळीनं पांढरं, दात तेवढे दिसत होते.
"आलो की साहेब!"
दीड वीत चुकलं होतं.
लेव्हल माझी होती.
दीड वीत म्हणजे काही नाही, साहेब म्हणाले, तासून घ्या.
तासायला सोमाच गेला.
छत तिथंच बसलं.

बोगद्याच्या तोंडाशी संगमरवर आहे,
शुभहस्ते वगैरे, तारीख, पदं,
एका नावातलं अक्षर चुकलं म्हणून दगड बदलून आणला होता.
तो खर्च मीच मंजुरीला पाठवला.

ते पाणी साडेसहाला माझ्या नळाला येतं.
घरी पोचेपर्यंत वेळ होते.
मी हंडा लावतो, भरला की उचलतो,
तळाला काही बसलंय का
बघत नाही.